कारण सांगायचं नाही

पाण्याच्या प्लांटवर सुट्टीतही एक माणूस लागतो. शहरातल्या कचेऱ्यांना कुलपं लागली तरी नळांना सुट्टी नसते. उलट माणसं घरी बसली की पाणी जास्तच उडतं. तलावातून येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा दर काही तासांनी मोजायचा, त्याप्रमाणे तुरटीचा डोस कमीजास्त करायचा, क्लोरिन बघायचा, फिल्टर तुंबला तर खालून उलटं पाणी सोडून तो धुवायचा. एवढं एका माणसाला जमतं. म्हणून वर्षअखेरच्या तीन दिवसांच्या सुट्टीत चौघांपैकी तिघं घरी जातात आणि एक जण थांबतो. तो एक कोण, हे गेली सहा वर्षं पत्त्यांवर ठरत आलं होतं.

त्याआधी ते कारणांवर ठरायचं. सुट्टी जवळ आली की चौघांच्या घरांत एकदम आजारपणं आणि लग्नं उगवायची. पंप ऑपरेटरच्या आईचे गुडघे, फिटरच्या मुलीची परीक्षा, वायरमनच्या बहिणीचं नवं घर. मग कोणाचं कारण किती जड याची मापं निघायची. गुडघे जड की परीक्षा? एकदा तर ऑपरेटरने आईच्या गुडघ्याचा एक्स-रेच आणून खिडकीला लावला होता, आणि फिटर त्याला म्हणाला होता, "हा डावा आहे. तू परवा उजवा दुखतो म्हणालास." दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

आणि भांडून भांडून दमले की सगळ्यांच्या नजरा केमिस्टबाईंकडे वळायच्या.

"मॅडम, तुमचं तसं काही विशेष नाही ना?" ऑपरेटर विचारायचा. विचारण्यात खोट नसायची. आईवडील कधीच गेलेले, लग्न केलेलं नाही, धाकटा भाऊ दूरच्या शहरात. विशेष काय असणार? तिच्याकडे तराजूत टाकायला काहीच नसायचं, आणि रिकामं पारडं वर जातं ते सगळ्यांना दिसतं.

एका वर्षी तिनेच टेबलावर हात आपटला. "पुरे झालं. पत्ते खेळू. शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात कमी, तो थांबेल. आणि टेबलावर कुणीही कारण सांगायचं नाही. सांगेल तो हरला."

पोकर ऑपरेटरने आणला. तो पूर्वी मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत होता, आणि तिथे शिकलेल्या दोन गोष्टी त्याला आयुष्यभर पुरल्या होत्या: पोकर, आणि अखंड बोलणं. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवायची सवय लागलेला हा माणूस शांत खोलीतही तसाच बोले, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. पैसे लावायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं. फिटरने स्टोअरमधून जुने पितळी वायसर, नटाखाली घालायच्या चकत्या, आणले, प्रत्येकाला तीस-तीस. ते आपापल्या स्टीलच्या ग्लासात ठेवायचे आणि चारच्या भोंग्यापर्यंत कुणी मोजायचे नाहीत. मोजलं की माणूस रडायला लागतो आणि रडायला लागला की कारणं सांगतो, असं रेडिओचं म्हणणं होतं.

पहिल्या वर्षी केमिस्टबाई खऱ्याच हरल्या. पुढची पाच वर्षं मुद्दाम.

हे कुणालाच माहीत नव्हतं. हरणं तसं सोपं होतं. शेवटचा पत्ता पडला की काही लावायचं नाही, टेबलावर बोटाने टक् करून "चेक" म्हणायचं, आणि समोरच्याने लावले की आपले पत्ते, कितीही चांगले असले तरी, पालथे टाकायचे. तिघांची समजूत होती की मॅडम हुशार आहेत पण भित्र्या आहेत. पुस्तकातली माणसं पत्त्यांत कच्चीच असतात. तीही तसं समजू देत असे. हरून थांबण्यात आणि काही विशेष नाही म्हणून थांबण्यात फरक होता. हरलेल्या माणसाकडे निदान जायला जागा होती असं मानलं जातं.

पण मुद्दाम हरण्याचं हे एकच कारण नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती भावाकडे राहायला गेली होती. आईवडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याचा डबा, त्याची फी, त्याचा ताप, सगळं तिनेच निस्तरलं होतं. त्याच्या घरी गेल्यावर ती पहाटे उठली आणि स्वयंपाकघरात शिरली, तर भावजय म्हणाली, "तुम्ही बसा हो." ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली, तर भाऊ म्हणाला, "ताई, तू बस ना." थोरली भाची तिला हाताला धरून खुर्चीवर बसवून गेली. सगळं प्रेमाने. बसून बसून तिची पाठ धरली. चौथ्या दिवशी ड्युटी आहे असं सांगून ती परत आली, आणि मग दर वर्षी ड्युटी असायलाच लागली. पूर्वी ती नुसती हरत होती. आता तिला हरायला हवं होतं. भावाशी पुन्हा पुन्हा खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून ती ते आधी खरं करून घ्यायची.

या वर्षी मात्र तिला जिंकायचं होतं.

आठवड्यापूर्वी भावाचा फोन आला होता. तो बायकोमुलींना घेऊन परदेशी निघाला होता, नोकरी कायमची तिकडेच. बंदराच्या शहराकडे जाताना सुट्टीतल्या शनिवारी सकाळी त्यांची गाडी घाटाखालच्या स्टेशनावर येणार आणि पुढची संध्याकाळी सुटणार. "दिवसभर आहोत आम्ही," तो म्हणाला होता. "तू ये. आणि ताई, या वेळी ड्युटीचं सांगू नकोस. सांगितलंस तर मी समजायचं ते समजेन. पुन्हा विचारणार नाही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने तो ओळखला असता आणि त्याच्यावरचा उपायही तिला माहीत होता. हा आवाज हिशेब पूर्ण झालेल्या माणसाचा होता.

सहकाऱ्यांना तिला सांगता आलं असतं. पण नियम तिचाच होता.

*

खेळ पंपघराला लागून असलेल्या स्टोअरमध्ये चालायचा. केबलचं रिकामं लाकडी रीळ आडवं टाकलं की टेबल व्हायचं. उंच खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं आत येत होतं आणि पंपांची थरथर जमिनीतून वर चढून ग्लासांतल्या वायसरांना किणकिणवत होती.

"वायरमन, लेका, पत्ते छातीशी धर. सगळ्या जगाला दिसतात."

"जगाला बघू दे. जगाला काय कळतंय."

"मला कळतंय ना. तुझ्याकडे बदाम राणी आहे."

"असू दे. घरीही एक आहे, ती भारी आहे." वायरमनचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

"ए, कारण सांगायचं नाही!" फिटर म्हणाला.

"हे कारण नाही, ही तक्रार आहे."

ती हसली. पण आज तिचं हसण्यात लक्ष नव्हतं. पहिल्या तासातच तिला एक गोष्ट कळून चुकली होती: पाच वर्षं हरायची सवय केलेल्या माणसाला ठरवून एका दुपारी जिंकता येत नाही. पत्ते वाईट होते ही एक गोष्ट. त्याहून वाईट म्हणजे तिघंही तिच्याविरुद्ध खेळायला सरावलेले होते. तिने थोडं काही लावलं की लगेच वरचढ लावायचे. मॅडम टाकतील हे ठरलेलंच. आणि चांगले पत्ते नसताना तिला टाकावेच लागत. हात दाखवून अवलक्षण, तसं झालं होतं. स्वतःच्या भित्रेपणाची कीर्ती तिने मेहनतीने उभी केली होती आणि आता त्या कीर्तीचं भाडं ती भरत होती.

वायसर कुणी मोजायचे नाहीत हा नियम तिने हाताने पाळला, मनाने नाही. टायट्रेशन करताना ब्युरेटच्या नळीतून पडणारा थेंबन्‌थेंब मोजण्यात तिची हयात गेली होती. मोजू नकोस म्हटल्याने डोकं थांबत नसे. प्रत्येकाच्या ग्लासात किती पडले, किती निघाले, तिला पाठ होतं. रेडिओ आणि वायरमन खूप पुढे होते, त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न फिटरचा आणि तिचा होता.

"हा शेवटचा," रेडिओ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला आणि पत्ते वाटले. "यानंतर भोंगा. देवाचं नाव घ्या, ज्याचा देव आहे त्याने."

तिने हातातले दोन पत्ते कोपरे उचलून पाहिले. चौकट नव्वी, किलवर नव्वी.

प्रत्येकाने एक वायसर टाकला. रेडिओने टेबलावर सगळ्यांचे सामाईक असे तीन पत्ते उघडले: इस्पिक राजा, बदाम नव्वी, चौकट चव्वी. तिच्या तीन नव्व्या झाल्या. तिने चेक केलं, फिटरने तीन वायसर लावले. रेडिओने पत्ते टाकले, वायरमनने टाकले. तिने मुकाट्याने तीन भरले. चौथा पत्ता किलवर सत्ती. दोघांनी चेक केलं. मग पाचवा आणि शेवटचा पत्ता उघडला. बदाम राजा.

टेबलावर दोन राजे, तिच्या तीन नव्व्या. फुल हाउस. या टेबलावर असा हात वर्षातून एखाद्याला यायचा.

तिने चेहरा हलू दिला नाही. हात तिने रिळाच्या कडेखाली नेले.

आता बोलायची पाळी तिची होती, नंतर फिटरची. त्यांच्या नियमाप्रमाणे शेवटच्या पत्त्यावर लावायचे तर पाचच, एकदाच. समोरच्याने पाच भरायचे नाहीतर पत्ते टाकायचे. आणि प्रश्न स्वच्छ होता, प्रयोगशाळेतल्या प्रश्नासारखा. मध्ये दहा वायसर होते. तिच्या ग्लासात अकरा, फिटरच्या पंचवीस. नुसते मधले दहा जिंकले तर ती एकवीसवर जाईल, फिटर पंचवीसवरच, ती थांबणार. फिटरचे आणखी पाच मध्ये आले तर ती सव्वीस, तो वीस. ती शनिवारी स्टेशनवर. जिंकून पुरत नव्हतं. त्याच्या हातून पाच वायसर सुटायला हवे होते. तिने लावून त्याने भरले काय, किंवा तिने चेक करून त्याने लावले आणि तिने भरले काय, गणित तेच. मग तो हात कशाने सैल होईल?

लावले तर? सहा वर्षांत तिने शेवटच्या पत्त्यावर कधी एक वायसर पुढे सरकवला नव्हता. आज पाच सरकवले तर फिटर काय समजेल, यासाठी डोकं लावायला नको. आंधळ्यालाही दिसेल. तो पत्ते टाकणार. दहा मिळतील, आणि ती थांबेल.

चेक केलं तर? तिच्या चेकला काहीच अर्थ नव्हता, आणि तीच त्याची ताकद होती. घड्याळाची टिकटिक ऐकून कुणी दचकत नाही. ती टक् करायची, समोरचा पाच लावायचा, ती पत्ते टाकायची, समोरचा दहा उचलायचा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की फिटर कधीकधी तिचं बोट टेबलाला लागायच्या आधीच वायसर हातात घेई. दहांतल्या आठ वेळा तरी त्याने असं केलं असेल. आज तो लावेल, आणि ती टाकणार नाही.

तिने मान न हलवता फिटरकडे पाहिलं. रुंद, सावकाश माणूस. नट आवळताना जीभ दातांत धरायचा, आत्ताही धरली होती. तो तिच्या ग्लासाकडे बघत होता. ग्लासाच्या तळाशी वायसर जेमतेम दिसत होते. बघू दे, तिला वाटलं. भक्ष्य किती उरलंय ते बघतोय.

मग दुसरा एक विचार आला. हे जमलं तर फिटर तीन दिवस इथे. त्याला कुठे जायचं होतं हे तिला माहीत नव्हतं, कारण ते माहीत होऊ नये अशी सोय तिनेच केली होती. त्याचा विश्वास होता की मॅडम चेक करतात म्हणजे मॅडमकडे काही नाही. त्या विश्वासाच्या आड लपून तिला त्याचे पाच वायसर काढायचे होते. पत्त्यांत हे चालतं. पत्त्यांत हेच करायचं असतं. तरी तिने फिटरवरची नजर काढली.

"मॅडम, झोपलात का?" रेडिओ म्हणाला. "बोलणाऱ्याची बोरं विकतात, आणि न बोलणाऱ्याचे—"

तिने टेबलावर बोटाने टक् केलं. "चेक."

फिटरने ग्लासात हात घातला. पाच वायसर मुठीत घेतले; पितळ पितळावर घासल्याचा आवाज तिला स्पष्ट आला. मूठ ग्लासाच्या बाहेर आली. रिळावर टेकली.

मग त्याने मूठ उचलली आणि पाचही वायसर हळूच परत ग्लासात सोडले.

"चेक," फिटर म्हणाला.

*

"दाखवा," रेडिओ म्हणाला.

फिटरने पत्ते उलटले. सत्ती आणि अठ्ठी. टेबलावरची सत्ती धरून सत्तीची जोडी, आणि सगळ्यांचेच दोन राजे. तिने आपल्या दोन नव्व्या उलटून ठेवल्या आणि हात मांडीवर घेतले.

वायरमन पुढे वाकला. "मॅडम. हे घेऊन तुम्ही चेक केलंत?"

"हो."

"का?"

"थांब," रेडिओ म्हणाला. तो पत्त्यांवरून बोट फिरवत होता. "नव्व्या हातातल्या म्हणजे पहिल्या तीन पत्त्यांपासून तुम्ही पुढे होता. आणि गप्प बसलात. हे भित्र्या माणसाचं काम नाही हो. जहाजावर असं खेळणारा एक होता, त्याच्याबरोबर कुणी दुसऱ्यांदा बसायचं नाही." त्याने वर पाहिलं. "दर वर्षी काय करत होता तुम्ही?"

तिने दोन्ही नव्व्या एकावर एक सारख्या करून ठेवल्या. तेच उत्तर झालं.

"अरे देवा," रेडिओ म्हणाला. "म्हणजे इतकी वर्षं आपण जिंकत नव्हतो. आपल्याला जिंकवत होत्या या."

"मी बायकोला सांगून ठेवलंय की मला पोकरमधलं कळतं," वायरमन हळूच म्हणाला.

फिटर अजून नव्व्यांकडे बघत होता. "मी एरवी लावले असते," तो म्हणाला. "हातात घेतलेही होते. मग तुमच्या ग्लासाकडे नजर गेली. म्हटलं, अगदीच तळाला लागलंय, शेवटच्या डावाला तरी बाईंचं आणखी ओढू नये." त्याने मान हलवली. "दया केली मी तुमच्यावर. घ्या."

भोंगा वाजला.

रेडिओने ग्लास ओतून वायसर मोजले. वायरमनचे, स्वतःचे, फिटरचे पंचवीस, तिचे एकवीस. मग त्याचे ओठ पुन्हा एकदा हलले आणि तिला समजलं की तो तेच गणित करतोय.

"फिटर, तू लावले असतेस तर तू थांबला असतास."

फिटरने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला जायचं होतं."

"हो."

"या वर्षी."

"हो."

"कुठे?" वायरमनने विचारलं. "मॅडम, मग बोलायचं ना! एका शब्दाने बोलला असतात—"

"टेबलावर कारण सांगायचं नाही."

"टेबल उठलं आता."

फिटरने घसा साफ केला. "माझं शनिवारी तसं म्हटलं तर—"

"सांगू नका," ती म्हणाली.

"ऐका तरी."

"नको, फिटर. तुम्ही तुमचं सांगणार, मग मी माझं सांगणार. मग हे दोघं सांगतील. मग आपण पुन्हा बसू मापं काढत, कुणाचं जड आणि कुणाचं हलकं." तिचा आवाज तिला वाटला त्याहून चढला होता. तो तिने खाली आणला. "तुमचं जड निघालं तर मला वाईट वाटेल. आणि माझं जड निघालं तर तुम्ही थांबाल, आणि तेही मला सोसायचं नाही. खेळलो, हरले. झालं."

रेडिओने रिकामे ग्लास एकात एक घातले.

तिघं निघाले. वायरमनने आपला छोटा हीटर तिच्या प्रयोगशाळेत आणून लावून दिला, न सांगता. रेडिओने पत्त्यांची गड्डी खिशात घातली, पुन्हा काढली आणि फळीवर ठेवली. फिटर दारापर्यंत जाऊन थबकला. त्याला काही द्यायचं होतं आणि द्यायला जवळ काही नव्हतं, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"तीन नंबरचा व्हॉल्व्ह अडतो," तो म्हणाला. "जोर करू नका. आधी अर्धा फेरा उलटा द्या, मग उघडा."

"बरं."

गाडी फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला. पहारेकऱ्याने साखळी ओढली. मग फक्त पंप.

*

संध्याकाळचा नमुना घेऊन ती प्रयोगशाळेत आली. सहा चंचुपात्रांत तुरटीचे सहा डोस टाकून तिने ढवळणी सुरू केली. पाती फिरायला लागली. पाणी आधी दुधट झालं, मग त्यात गाळाचा बारीक कापूस दिसू लागला. एरवी हा कापूस जड होऊन खाली बसेपर्यंत ती खुर्ची ओढून बघत बसे. तिच्या दिवसातला हा आवडता भाग होता. आज तिने खुर्ची फोनकडे वळवली.

भावाने लगेच उचलला. मागे चिकटपट्टी ओढल्याचा चर्र आवाज चालू होता.

"ताई? बोल."

जगात तिला ताई म्हणणारा हा एकच माणूस होता. बाकी सगळ्यांची ती मॅडम.

"शनिवारचं सांगायला केला," ती म्हणाली. "मला खाली येता येणार नाही."

चिकटपट्टीचा आवाज थांबला.

"ड्युटी," तोच म्हणाला.

"हो. पण ऐक—"

"ताई, मी तुला म्हटलं होतं."

"या वेळी मी घेतली नाही. या वेळी लागली."

"दर वेळी लागतेच की."

"नाही," ती म्हणाली. "दर वेळी मी घेत होते."

काहीतरी सोयीचं बोलावं असं तिला फार वाटलं. तिने ते ओठांवर येऊ दिलं नाही. तिने त्याला पत्त्यांचं सांगितलं, वायसरांचं, पाच वर्षं चांगले पत्ते पालथे टाकल्याचं. आधी अडखळत, मग नमुन्याचा अहवाल द्यावा तसं सरळ.

"पण का?" त्याने विचारलं.

"तुझ्याकडे येऊन मी करू काय, ते मला कळत नव्हतं. तुमच्या घरी सगळे मला बस म्हणतात. मला बसता येत नाही रे."

"एवढंच?"

"एवढंच."

"ताई," भाऊ म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, हसण्याने की कशाने ते तिला फोनवर कळलं नाही. "आम्ही दोघं चार वर्षं भांडतोय. मी तिला म्हणतो, तू ताईला काहीतरी बोललीस. ती मला म्हणते, तूच बोललास. चार वर्षं!"

"कुणी काही बोललं नाही."

"मग तू तरी बोलायचंस."

ढवळणीची पाती फिरत राहिली.

"आणि या वेळी?" त्याने विचारलं.

"या वेळी जिंकायला खेळले. जमलं नाही. समोरच्याने माझी कीव केली."

तो म्हणाला, "आता मी काय करू शनिवारी? गाडी संध्याकाळची. दोन पोरी, आठ बॅगा. स्टेशनवर बसून राहू?"

तो तक्रार करत नव्हता, नुसतं विचारत होता. "बघा कसं जमतं ते," असं म्हणून तिला फोन ठेवता आला असता. आतापर्यंत ती हेच म्हणत आली होती.

"तू ये," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन वर ये."

"प्लांटवर सोडतात?"

"आत नाही. क्लोरिनच्या टाक्या आहेत, बाहेरच्यांना बंदी. फाटकापर्यंत. फाटकाबाहेर एक बाक आहे, त्यावर तुम्ही बसा. मला फाटकाच्या बाहेर पाऊल टाकता येणार नाही, म्हणजे मध्ये जाळी असेल. पण बोलता येईल. मुली दिसतील मला." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बॅगा स्टेशनवर ठेवता येतात. त्रास होईल तुम्हाला, मला माहीत आहे. तरी या."

"तुरुंगात भेटायला आल्यासारखं."

"साधारण तसंच."

त्याने फोनवर हात ठेवला असावा. आवाज एकदम पाण्याखाली गेल्यासारखा झाला. कुणीतरी काहीतरी विचारलं, कुणीतरी उत्तर दिलं. शब्द कळत नव्हते. ती वाट बघत राहिली. खिडकीबाहेर टाक्यांवरचे दिवे लागले होते आणि एकाही टाकीपाशी माणूस नव्हता. हे तीन दिवस तसंच असणार होतं, भाऊ आला तरी आणि न आला तरी; आला तर मधले काही तास जाळीपलीकडे चार माणसं उभी असतील, एवढाच फरक. मग ती बोटीवर चढतील.

फोनवरचा हात निघाला.

"बसनेच यावं लागतं का वर?" भावाने विचारलं. "मोठीला घाटात उलटी होते."

"पुढच्या सीटवर बसव. तुलाही व्हायची. पुढे बसवलं आणि समोर लांब बघायला लावलं की व्हायची नाही. निघायच्या आधी पोटभर खायला घालू नकोस, पण अगदी उपाशीही ठेवू नकोस. कोरडं काहीतरी दे. आणि खिडकी उघडी ठेव, कितीही थंडी असली तरी, कानाला रुमाल बांध आणि—"

"थांब, थांब," तो म्हणाला. "लिहून घेतो."